चेटकिणीपासून ‘खेकड्या’पर्यंत : प्रस्तावना

रत्नाकर मतकरी यांच्याविषयी बोलताना मराठी माणूस नकळत दोन वेगळ्या लेखकांविषयी बोलत असतो. एक मतकरी ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अचाट गावची अफाट मावशी’चे. ते भेटतात सहाव्या-सातव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, नाट्यगृहातल्या खुर्चीच्या कडेवर बसून, कारण मागे टेकलं तर पुढचं दिसत नाही. दुसरे मतकरी ‘खेकडा’ आणि ‘मध्यरात्रीचे पडघम’चे. ते पुढे पाच-सात वर्षांनी भेटतात, बहुतेक वेळा मोठ्या भावंडाने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात, घरातले झोपल्यावर. पहिल्या मतकरींची चर्चा बालरंगभूमीच्या प्रकरणात होते, दुसऱ्यांची गूढकथेच्या, आणि तिसरेही एक आहेत, ‘आरण्यक’ आणि ‘लोककथा ७८’चे, ज्यांना नाट्यसमीक्षा गांभीर्याने घेते. या तिघांना एका टेबलाशी बसवायचं, एवढंच या पुस्तकाचं काम आहे. मला जे मांडायचं आहे ते असं : परीकथा हा मतकरींच्या लेखनाचा पहिला टप्पा नव्हता, आणि मुलांसाठी केलेला जोडधंदा तर नव्हताच. ती त्यांची मूळ भाषा होती. त्याच भाषेत त्यांनी पुढे भीतीविषयी लिहिलं, अन्यायाविषयी लिहिलं. आणि असं केल्यामुळेच, बाल आणि प्रौढ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या ज्या वयाकडे मराठी साहित्याने फार कमी लक्ष दिलं, त्या वयाला ते दोन्ही बाजूंनी हात देऊ शकले.

कारकिर्दीची रूपरेषा आधी सांगून टाकतो. जन्म १७ नोव्हेंबर १९३८, मुंबई. पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ साली आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर झाली, तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते बँक ऑफ इंडियात लागले आणि वीस वर्षं तिथे राहिले. सुधा करमरकर अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी ‘लिट्ल थिएटर’ सुरू केलं, तेव्हा त्यांना हाती घ्यायला नाटक हवं होतं. ते ‘मधुमंजिरी’ मतकरींनी लिहिलं. पुढे १९६२ साली त्यांनी आणि प्रतिभा मतकरी यांनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली आणि तीन दशकं चालवली. दिलीप प्रभावळकरांसारखा नट या संस्थेतून पुढे आला. १९७८ साली बँकेची नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००३ साली, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१८ साली. म्हणजे ज्या कामाने सुरुवात झाली, त्याची अशी दखल घ्यायला वयाची ऐंशी जवळ यावी लागली. हा क्रम बोलका आहे. मुलांसाठी लिहिणारा माणूस मोठ्यांसाठी काही लिहून दाखवतो तेव्हा त्याचं मुलांसाठीचं लेखनही ‘साहित्य’ ठरतं, अशी आपल्याकडची रीत आहे.

ही रीत पडली कशी, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मराठी कादंबरी सुरुवातीला वाढली ती अद्भुताच्या मांडीवर. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याही याच काळात. विमानं, गुप्त भुयारं, वेषांतर केलेले राजपुत्र हे सगळं त्या वेळी मोठ्या, शिकलेल्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं होतं. हरिभाऊ आपट्यांनी घरातली विधवा आणि तिचं दुःख कादंबरीत ठळकपणे उभं केलं आणि मराठी गद्याला नवी नजर मिळाली. ते ऋण फेडता येण्यासारखं नाही. पण त्या नजरेची एक किंमतही मोजावी लागली. वास्तव म्हणजे प्रौढपणा आणि अद्भुत म्हणजे पोरकटपणा, असं एक समीकरण बसलं. नाथमाधवांच्या १९१३ सालच्या ‘वीरधवल’वर पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलं जीव टाकत राहिली, तरी वाङ्मयेतिहासात तिला ‘रंजक’ या एका शब्दात निकाली काढलं गेलं. अद्भुत हळूहळू मुलांच्या कपाटात सरकलं, आणि मुलांचं कपाट आपल्याकडे बुटकं आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाची उंची त्या कपाटापेक्षा जास्त होते, आणि पुढचं कपाट उघडलं की त्यात एकदम संसार, नोकरी आणि मध्यमवयीन दुःख. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मराठीत आणून आणि फास्टर फेणेला सायकलवर बसवून ही मधली जागा मोठ्या हिमतीने भरली, पण ती साहसाच्या बाजूने. अद्भुताच्या बाजूने ती रिकामीच होती.

अद्भुत हे खरोखर फक्त मुलांचं असतं का, हा प्रश्न सोलापुरात तरी कुणाला पडायला नको. मकरसंक्रांतीच्या दिवसांत या शहरातले हजारो लोक सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी संमती कट्ट्यापाशी जमतात आणि एका लग्नाच्या अक्षता टाकतात. नवरा आहे सिद्धरामेश्वरांचा योगदंड, नवरी कुंभाराची मुलगी. योग्याने लग्न करायचं नाही आणि मुलीचा हट्ट मोडायचा नाही, यावर नऊशे वर्षांमागे निघालेला तोडगा : लग्न माझ्याशी नव्हे, माझ्या दंडाशी. पांढरी बाराबंदी घातलेले पुरुष सात नंदीध्वज पेलत शहरभर फिरतात. तैलाभिषेक होतो, अक्षता होतात, होम होतो, आणि शेजारी गड्ड्याच्या जत्रेत पाळणे फिरत असतात. या विधीत श्रद्धा आहे, तिचा मान राखूनच हे लिहितो आहे. मला दाखवायचं आहे ते त्या गोष्टीचं रूप. अशक्य मागणी, तिला सापडलेली आडवाट, वस्तूने माणसाची जागा घेणं, ही सगळी परीकथेची हाडं आहेत. आणि ती गोष्ट इथे पोराटोरांना झोपवण्यासाठी सांगितली जात नाही; वकील, विडी कामगार, व्यापारी, शिक्षक सगळे मिळून ती दर वर्षी करतात. मोठ्यांना अद्भुत लागतं. फक्त त्याला ते परीकथा म्हणत नाहीत.

मतकरींचं मोठेपण मला पहिल्यांदा दिसतं ते त्यांच्या शीर्षकांत. ‘अलबत्या गलबत्या’ हे शब्द त्यांनी घडवलेले नाहीत, ते मराठीत आधीपासून आहेत, आणि त्यांचा अर्थ आहे ऐरागैरा, कुणीही, ज्याची दखल घ्यायचं कारण नाही असा माणूस. ‘कुणाही अलबत्या गलबत्याचं हे काम नव्हे’ असं आपण म्हणतो. परंपरेने परीकथेत नायकाचं आसन राजपुत्रासाठी राखून ठेवलेलं असतं; इथे ते आसन भाषेनेच बिनकामाचा ठरवलेल्या माणसाचं नाव घेऊन बसलं आहे. नाट्यगृहातल्या सात वर्षांच्या मुलाला हा अर्थ कोणी समजावून देत नाही, आणि द्यायची गरजही नाही, कारण घरात आणि वर्गात आपण अलबत्ये-गलबत्येच आहोत हे त्याला चांगलं ठाऊक असतं. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ घ्या. ‘निम्मं-शिम्मं’ हा शब्द आपण लाडवाच्या तुकड्यासाठी वापरतो, दोन भावंडांत वाटणी करताना. तो राक्षसाला चिकटवला की राक्षस पूर्ण उरतच नाही. पडदा वर जाण्याआधी, केवळ नावाने, भीतीचा अर्धा भाग कमी झालेला असतो, आणि उरलेला अर्धा मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. तोच खरा महत्त्वाचा. भीती पूर्ण काढून टाकली तर मुलाला नाटकात करायला काही राहत नाही.

हा शिल्लक ठेवलेला अर्धा भाग रंगमंचावर कसा वागतो, ते चेटकिणीपाशी पाहावं. मूळ प्रयोगात ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ साली चिन्मय मांडलेकरांनी नाटक पुन्हा बसवलं तेव्हा वैभव मांगले यांनी. दोन्ही वेळा बाईच्या वेषात पुरुष. मोठा माणूस, मोठ्या माणसाचा आवाज, आणि त्यावर नाक, केस, लुगडं. हे सोंग आहे हे मुलाला पहिल्या मिनिटाला कळतं. तरीही ती विंगेतून आली की पहिल्या रांगेतलं पोर आईच्या दंडात तोंड खुपसतं, आणि पुढच्याच क्षणी मान वर काढून तिला ओरडून उत्तर देतं. या दोन हालचालींमधलं अंतर एखाद्या सेकंदाचं असतं. त्या सेकंदात मूल जे करतं ते फार अवघड काम आहे. हे खरं नाही हे माहीत असताना घाबरायचं, आणि घाबरलेलं असताना हे खरं नाही हे आठवायचं. ही दुहेरी जाणीव म्हणजेच वाङ्मयाचा आस्वाद, आणि ती माणूस पहिल्यांदा कमावतो ती बहुधा अशाच एखाद्या चेटकिणीसमोर.

आता ‘खेकडा’ उघडणाऱ्या चौदा वर्षांच्या वाचकाचा विचार करा. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘नवल’ या मासिकांनी मराठीत गूढकथेला घर बांधून दिलं होतं. नारायण धारपांनी त्या घरात भयाचा एक मजबूत खांब उभा केला. धारपांच्या जगात वाईट शक्ती बाहेरून येते आणि तिच्याशी झुंजायला ‘समर्थ’ असतात. म्हणजे तिथेही परीकथेचीच एक रचना आहे, राक्षस आणि त्याला पुरून उरणारा रक्षणकर्ता. मतकरींनी गूढकथेत रक्षणकर्ताच काढून घेतला. त्यांच्या कथेत भय बहुतेक वेळा माणसाच्या आतून निघतं : मत्सरातून, दडपलेल्या इच्छेतून, कुणाला तरी दिलेल्या दुःखाच्या आठवणीतून. आणि तरी हिशेब परीकथेचाच राहतो. जो मागतो त्याला मिळतं, पण मागताना तो एक शब्द चुकीचा बोललेला असतो. जो दुसऱ्याला वस्तूसारखं वापरतो, त्याच्यावर वस्तूच उलटते. नाट्यगृहात चेटकिणीला ओरडून उत्तर देणारं मूल आता एकटं आहे, आईचा दंड शेजारी नाही, टाळ्या नाहीत. पण त्या एका सेकंदाचं काम त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. मराठीत या वयासाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांचं दालन इंग्रजीसारखं कधी उभं राहिलं नाही. ती वाट आपल्याकडे मुलांनी स्वतःच तुडवून केली, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकच लेखक उभा होता.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि महाराष्ट्रात तर तो टाळताच येणार नाही. ज्या राज्यात २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्या राज्यात मुलांना चेटकीण दाखवायची? चेटकीण ठरवून बायकांना मारहाण होते हे वर्तमानपत्रात वाचायला मिळत असताना? हा आक्षेप घेणाऱ्यांची तळमळ मला पूर्ण मान्य आहे. पण परीकथा आणि अंधश्रद्धा यांची जात एक नाही. अंधश्रद्धा तपासू देत नाही. शंका घेणारा तिथे पापी ठरतो. परीकथेतली जादू पहिल्याच पानावर आपले नियम सांगून टाकते, आणि नायकाची सगळी हुशारी ते नियम तपासण्यात, त्यांतली फट शोधण्यात असते. बुवासमोर मान खाली घालायची असते, चेटकिणीसमोर डोकं चालवायचं असतं. शिवाय रंगमंचावरच्या चेटकिणीचं नाक प्रयोग संपल्यावर निघतं. सोंग आणि माणूस यांतला फरक ज्याला लहानपणी कळला, त्याला मोठेपणी भगव्या किंवा हिरव्या कपड्यातलं सोंग ओळखायला मदतच होते. आयुष्यभर भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारे मतकरी नर्मदा आंदोलनाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, यात मला विसंगती दिसत नाही.

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. राजकन्या, चेटकीण, शापित राजवाडा हा सगळा माल परदेशी, आपल्या मातीत त्याला मूळ नाही. हे अर्धं खरं आहे. या साहित्याचा काही भाग युरोपातून आला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गोष्टींना सीमा कधी होती? पंचतंत्र इथून निघून पहलवी, अरबी अशा भाषा ओलांडत युरोपात गेलं तेव्हा तिकडच्यांनी ते परकं म्हणून परत पाठवलं नाही. सोलापूरचंच उदाहरण पुरेसं आहे. इथे पूर्व भागात मागाशेजारी घरात तेलुगू बोललं जातं, दोन गल्ल्या पलीकडे कन्नड, पुढे दखनी उर्दू, आणि शाळेत मराठी. मद्रासेत तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली सुरू झालेलं ‘चंदामामा’ कन्नडमध्ये आलं, आणि १९५२मध्ये ‘चांदोबा’ होऊन मराठीत. तोच विक्रम, तोच वेताळ, खांद्यावरच्या प्रेताचं तेच चित्र, फक्त अक्षरं वेगळी. बृहत्कथेच्या परंपरेतला हा वेताळ संस्कृतातून निघून तेलुगू संपादकांच्या हातून मराठी पोराकडे पोहोचला. त्याला परका कोण म्हणेल? गोष्ट आपली होते ती भाषेत मुरल्यावर, आणि ‘अफाट मावशी’ मराठीत इतकी मुरलेली आहे की तिचं दुसऱ्या भाषेत काय करावं, हा कोणत्याही अनुवादकाला पडणारा पेच आहे.

तिसरा आक्षेप माझ्याच मांडणीवर येतो, आणि तो काही अंशी मान्य केला पाहिजे. मतकरींनी गूढकथा कुमारवाचकांसाठी लिहिल्या नाहीत. त्या दिवाळी अंकांतल्या, मोठ्यांच्या मासिकांतल्या कथा आहेत. त्यांतल्या काही इतक्या क्रूर आहेत की तेराव्या वर्षी त्या हाती पडू नयेत असं पालकांना वाटलं तर मी वाद घालणार नाही. लेखकाच्या मनात नसलेला हेतू त्याच्या पदरात टाकणं चूकच. पण एखादं पुस्तक कोणत्या वयाचं, हे लेखकाच्या हेतूवर जेवढं ठरतं तेवढंच वाचकाच्या भुकेवरही ठरतं. स्विफ्टने ‘गलिव्हर’ मुलांसाठी लिहिलं नव्हतं, मुलांनी ते घेतलं. मराठी कुमारांनी गूढकथा अशीच घेतली, कारण त्या वयाचे जे प्रश्न, म्हणजे मी वाईट आहे का, माझ्या मनात येतं ते दुसऱ्या कुणाच्या मनात येतं का, मेल्यावर काय, यांना हात घालायची हिंमत तिथे होती. कुमारांसाठी म्हणून मुद्दाम लिहिलेल्या बऱ्याच पुस्तकांत ती नव्हती. तिथे उपदेश होता. उपदेश नको म्हणून मूल भुतापाशी गेलं.

आणि मतकरींच्या लेखनाचे कप्पे किती कृत्रिम आहेत हे पाहायचं तर १९७८ हे साल पुरेसं आहे. नोकरी सोडण्याचं आणि खेड्यातल्या दलितांवरच्या अत्याचाराचं नाटक लिहिण्याचं वर्ष एकच. त्या नाटकाला नाव देताना त्यांच्यापुढे अनेक पर्याय असणार : एखादा संतापाचा शब्द, एखादं गावाचं नाव. त्यांनी ठेवलं ‘लोककथा ७८’. लोककथेला साल नसतं, ‘एके काळी’ हेच तिचं साल. तिच्यापुढे आकडा लिहिला की गोष्ट आणि बातमी एकमेकांवर आदळतात. हे नाव वीस वर्षं राक्षसांच्या आणि राजांच्या गोष्टी लिहिलेल्या माणसालाच सुचू शकतं. ‘आरण्यक’मध्येही तेच आहे : युद्ध संपलेलं, वीर मेलेले, आणि धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर वनात निघालेले. गोष्ट जिथे ‘सुखाने नांदू लागले’ म्हणून थांबते किंवा विजयाच्या शंखाने थांबते, त्याच्या पुढे काय होतं, हा प्रश्न गोष्टीत वाढलेल्या मनालाच पडतो. हे नाटक पहिल्यांदा आलं १९७४ साली, आणि २०१८मध्ये मतकरींनी ते पुन्हा उभं केलं, तेव्हा विदुराच्या भूमिकेत पुन्हा प्रभावळकरच होते, आता विदुराच्या वयाचे झालेले.

मधल्या वयाकडे मतकरी शेवटी स्वतःहून, ठरवून गेले ते २०१४ साली. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. ठाण्याच्या झोपडवस्त्यांतली मुलं-मुली, त्यांतली बरीचशी अगदी याच कुमारवयातली. इथे मतकरींनी त्यांना आपली नाटकं पाठ करायला दिली नाहीत. तुमच्या वस्तीत काय घडतं त्याचं नाटक तुम्ही करा, असं सांगितलं. नळावरचं भांडण, दारू पिणारा बाप, शाळा सुटलेली बहीण हे सगळं त्या मुलांना स्वतःच्या शब्दांत मांडायचं होतं. पंचाहत्तरी गाठलेला, पन्नास वर्षं मुलांसाठी लिहिणारा माणूस समोर बसून ऐकत होता. अलबत्या गलबत्याने शीर्षकातून खाली उतरून लेखणी हातात घ्यावी, असं हे होतं. मतकरी मे २०२०मध्ये करोनाने गेले, तेव्हा राज्यातली सगळी नाट्यगृहं बंद होती.

सोलापुरात राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी हुतात्मा स्मृती मंदिरात मुलं येतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, अशा चार वेगवेगळ्या घरांतून आलेल्या हुतात्म्यांच्या नावाची ही वास्तू. तिथे पाऊल ठेवणाऱ्या मुलांच्या घरी चार भाषा आहेत, आणि आजीच्या तोंडून ऐकलेले राक्षसही चार भाषांतले. पुढच्या पानांवरचे लेख वाचताना ती मुलं डोळ्यांसमोर असावीत. कारण त्यांच्यातल्या कुणी स्वतःचा राक्षस रंगमंचावर आणायचं ठरवलं, तर त्याला काय नाव द्यायचं आणि किती भीती शिल्लक ठेवायची, हे मतकरींच्या नाटकांच्या संहितांतून शिकता येतं. आणि त्या संहितांचं बारकाईने वाचन याच पुस्तकात पहिल्या लेखापासून सुरू होतं.